भाचीचे चार आठवडे

ऑगस्टमध्ये माझी भाची चार आठवडे आमच्याकडे होती, पण घरात दिसायची क्वचितच. पहाटे साडेचारला तिची गाडी निघायची. सहाच्या राउंडआधी आपल्या पेशंटची रात्र तिला तोंडपाठ लागायची: ताप किती चढला, लघवी किती झाली, जखमेतल्या ड्रेनच्या नळीतून काय आलं. ती इथे अमेरिकेत मेडिकलच्या शेवटच्या, चौथ्या वर्षाला आहे आणि तिला सर्जन व्हायचंय. या महिन्याला 'अवे रोटेशन' म्हणतात. जिथे रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं शाखेचं प्रशिक्षण, हवी त्या परक्या हॉस्पिटलात महिनाभर राबायचं. तिथले सर्जन शिकवतात आणि पारखतातही. रात्री ती खुर्चीच्या दांडीला दोरा बांधून एका हाताने गाठी मारत बसायची.

इथे डॉक्टरकीच्या परवान्यासाठी टप्प्याटप्प्याने परीक्षा असतात. त्यातल्या स्टेप १ चे गुण जानेवारी २०२२ पासून मिळत नाहीत, फक्त पास किंवा नापास. त्यामुळे स्टेप २ चे गुण, संशोधन आणि सर्जनांची शिफारसपत्रं यांचं वजन वाढलं. आपल्यासारखा एका परीक्षेचा क्रमांक इथे नाही. मुलाखती झाल्या की विद्यार्थी हॉस्पिटलांची पसंतीयादी देतात, हॉस्पिटलं विद्यार्थ्यांची देतात आणि जुळणी संगणक करतो. १९९८ पासून ही जुळणी विद्यार्थ्याच्या पहिल्या पसंतीपासून सुरू होते. ती पद्धत बसवणारे ॲल्विन रॉथ २०१२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. मला हे फार आवडलं, कारण अवघड हॉस्पिटल पहिलं लिहिलं म्हणून खालच्या जागेवरचा तिचा हक्क जात नाही.

घोर आहे तो वेगळाच. जनरल सर्जरीत 'कॅटेगोरिकल' जागा म्हणजे पूर्ण पाच वर्षांचं प्रशिक्षण. 'प्रिलिमिनरी' म्हणजे एकच वर्ष. काम तेच, रात्रपाळ्या त्याच, पण वर्ष संपलं की पुढची जागा पुन्हा शोधायची. ज्यांना दुसऱ्या शाखेत जायचंय त्यांना ते वर्ष सोयीचं. सर्जनच व्हायचं असलेल्या मुलांना असं टांगणीला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

परवा तिचा फोन आला. "मावशी, यादीच्या शेवटी प्रिलिम घालू का?"

मी विचारलं, "नाही घातलंस आणि काहीच मिळालं नाही तर?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "ऑपरेशन थिएटरपासून एक वर्ष लांब राहणं मला नाही जमणार."

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कुठे ते कळेल. मिळालं की नाही, ते त्याआधीच्या सोमवारी. त्या दिवशी मी रजा टाकली आहे.