तोंड आलंय

दुपारी वरणभातावर लिंबू पिळलं आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. खरकट्या हातानेच आरशासमोर गेले, खालचा ओठ उलटा केला. होताच! तिळाएवढा पांढरट ठिपका, भोवती लालबुंद कड.

मराठीत डोळे येतात, तोंड येतं. नाक-कान बिचारे कधी येत नाहीत. आणि तोंड आलंय हे घरात सांगायची सोय नाही, कारण प्रत्येकाचं निदान तयार. उष्णता, जागरण, पोट साफ नाही, कालचा ठेचा. सासूबाई म्हणतात तूप लाव, मुलगा बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणून टाकतो. माझी जीभ मात्र दर दोन मिनिटांनी तिथे जाऊन बघून येते. नको म्हटलं तरी.

आजी असती तर परसात जाईकडे पिटाळलं असतं. "चार पानं चाव, गिळू नको, लाळ गळू दे." आम्ही भावंडं ओणवी उभी राहून हिरवी लाळ गाळायचो नि कुणाची धार लांब, त्यावर भांडायचो. आठ-दहा दिवसांत बरं वाटायचं. ते एरवीही तेवढ्या दिवसांत बरं होतंच, हे फार पुढे कळलं. श्रेय तोवर जाईने घेतलेलं होतं.

आजी स्वतः तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. घरभर ठसका. मग पायरीवर बसून तर्जनीने मशेरी लावत अर्धा तास. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पुढे तिथेच जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून जाईसुद्धा चावली नाही तिने. "दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर?"

तोंड उघडेना, भाकरी दुधात कुस्करूनही जाईना, तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले? आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी आजीच म्हणाली, शिमग्याच्या आधीपासून. तेव्हा आषाढ चालू होता. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत भरली नाही की दाखवायची जखम, दुखो न दुखो. आणि परळची, टाटाची चिठ्ठी लिहून दिली.

मघाशी भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकटीत बारीक अक्षरात 'तोंड' लिहिलं. सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं. "हे गं काय?"

"काही नाही हो. आलंय आज, जातं कधी ते बघायचंय."