तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी बांधायला देताना आधी किती पैसे द्यावेत?

"ताई, बॉडीवाला निम्मे पैसे आधी मागतोय. देऊ का?"

हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतं. शाळेसाठी बस बांधून घेणारे संस्थाचालक विचारतात, रुग्णवाहिका करणारा एखादा ट्रस्ट विचारतो, एकाच टेम्पोवर घर चालवणारा ड्रायव्हर विचारतो. अलीकडे ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून देशभर फिरायला निघालेली तरुण जोडपी सगळ्यात जास्त विचारतात. मला विचारण्याचं कारण म्हणजे माझ्या वडिलांची महामार्गालगत बॉडी, म्हणजे इंजिन-चाकांच्या चेसिसवरचा गाडीचा वरचा भाग, बांधायची शेड होती आणि तिचे हिशेब बरीच वर्षं मी लिहिले. कुणाचे पैसे कधी आले आणि कुठे गेले, हे त्या वह्यांमुळे मला ठाऊक आहे.

माझं उत्तर असं: सगळे पैसे आधी कधीच देऊ नका, आणि निम्मेही देऊ नका. मात्र त्यामागचं कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. लोकांना भीती असते ती पैसे घेऊन पळून जाणाऱ्या लबाड माणसाची. तशी माणसं आहेत, पण कमी. मी ज्या शेड बंद पडताना पाहिल्या त्यातल्या बहुतेकांचे मालक प्रामाणिक होते, कष्टाळू होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत गाडी पुरी करून द्यायचीच असं मनापासून म्हणत होते. तरीही गिऱ्हाईकांचे पैसे बुडाले.

ते असं होतं. बॉडीच्या कामात पैसा आधी जातो आणि नंतर येतो. पत्रा, चौकोनी पाईप, प्लायवूड, काचा, रेक्झिन, सीटा, रंग हे सगळं आधी आणावं लागतं. वेल्डर, सुतार, पेंटर यांना आठवड्याला पगार लागतो, सणाला उचल लागते. पत्र्याचा व्यापारी उधारी देतो, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. शेडमध्ये एकाच वेळी अनेक गाड्या उभ्या असतात, त्यातली एखादी डिलिव्हरीला आलेली असते आणि तिच्या सीटा अडकलेल्या असतात, कारण सीटवाल्याची मागची बाकी राहिली आहे. अशा दिवशी तुम्ही येता आणि ॲडव्हान्सचा चेक देता. मालक तो बँकेत भरतो आणि सीटवाल्याला फोन करतो. तुमच्या पैशातून आधीच्या गिऱ्हाईकाची गाडी बाहेर पडते. तुमची गाडी कशातून बांधली जाणार? तुमच्या नंतर जो येईल त्याच्या ॲडव्हान्समधून.

नवी कामं येत राहतात तोवर ही साखळी चालते. शाळेच्या बसगाड्या जूनच्या आत हव्या असतात, म्हणून उन्हाळ्यात शेड भरलेली असते. दसरा आणि पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी मागणाऱ्यांची वेगळी गर्दी. मग पावसाळा येतो, रंग लवकर वाळत नाही, काम रेंगाळतं, नवी चौकशी येत नाही. होळीला गावी गेलेला उत्तरेकडचा वेल्डर परतत नाही. अशा एखाद्या मोसमात साखळी तुटली की जो सगळ्यात शेवटी आला आणि ज्याने सगळ्यात जास्त आधी दिले, त्याचं नुकसान सगळ्यात मोठं. त्याच्या नावावर शेडमध्ये एक पाईपही कापलेला नसतो.

आमच्या पट्ट्यात अशीच एक चांगली चाललेली शेड बंद पडली. नाव घेत नाही. ज्यांची चेसिस स्वतःच्या नावावर होती ते क्रेन आणून अर्धवट सांगाड्यासकट आपली गाडी ओढून घेऊन गेले. त्यांना मनस्ताप झाला, खर्च वाढला, पण गाडी हातात राहिली. "चेसिससकट सगळं आम्हीच करून देतो" या बोलीवर ज्यांनी पूर्ण रक्कम मालकाच्या खात्यात टाकली होती, त्यांच्या हातात फक्त पावती उरली. त्यांच्यातल्या एका बाईंनी निवृत्तीचे पैसे घातले होते. त्या शेडच्या कुलुपासमोर उभ्या राहून मला विचारत होत्या की आता कुणाकडे जायचं. त्या दिवसापासून मी हे उत्तर सविस्तर देऊ लागले.

म्हणून माझा आग्रह पहिल्यांदा टक्क्यांचा नसतो, चेसिसचा असतो. चेसिस किंवा मूळ गाडी डीलरकडून स्वतःच्या नावाने घ्या. बिल तुमच्या नावाचं, विमा तुमच्या नावाचा, तात्पुरती नोंदणी तुमच्या नावाची. मग ती बॉडीवाल्याकडे नुसती कामापुरती ठेवलेली तुमची वस्तू होते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्याला आपल्या मजुरीसाठी ती अडवून धरता येते, हे खरं आहे, कलम १७० त्यासाठीच आहे. पण ती त्याची होत नाही, आणि त्याचं कर्ज फेडण्यासाठी ती विकता येत नाही. याउलट पूर्ण गाडी तोच बनवून विकणार असेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, गाडी तयार होऊन तुम्हाला तसं कळवलं जाईपर्यंत साधारणपणे मालकी तुमच्याकडे येतच नाही. तोवर तुम्ही गाडीचे मालक नसता, त्याच्याकडून पैसे येणं असलेले एक घेणेकरी असता, आणि तुमच्या आधी त्याची बँक तारण घेऊन उभी असते.

कर्ज काढून गाडी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. बँक सहसा चेसिसचे पैसे डीलरला आणि बॉडीचे पैसे कोटेशनवरून थेट बॉडीवाल्याला देते. बँकेने दिले म्हणजे बँकेने सगळं तपासलं असं समजू नका. हप्ता तुमच्या खात्यातून जाणार, आणि तो बॉडी पुरी होण्याची वाट पाहत थांबत नाही. गाडी शेडमध्ये उभी आणि हप्ते सुरू, ही अवस्था कितीतरी ड्रायव्हरांच्या घरात मी पाहिली आहे. बॉडीची रक्कम टप्प्याने सोडा, असं शाखेत लेखी मागा. मागितल्याशिवाय कुणी आपणहून सुचवत नाही.

आता त्या गोष्टीकडे येते ज्याबद्दल तरुण जोडपी कधीच विचारत नाहीत, आणि ज्यात माझ्या मते सगळ्यात मोठा धोका आहे: पासिंग. बॉडीवाला प्रामाणिक निघाला, गाडी वेळेत झाली, आतली लाकडाची कामं सुरेख झाली, आणि आरटीओत ती नोंदली गेली नाही, तर तुमचे पैसे गेल्यातच जमा. बॉडी स्वतंत्रपणे बांधलेल्या गाडीसाठी फॉर्म २२-ए लागतो. त्याचा पहिला भाग चेसिस कंपनी देते आणि दुसरा बॉडी बांधणारा. बॉडीसाठी ठरवून दिलेली मानकं आहेत: बससाठी एआयएस-०५२, ट्रकसाठी एआयएस-०९३, राहण्याची सोय असलेल्या मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४. मंजुरी देणाऱ्या चाचणी संस्थांपैकी दोन, एआरएआय आणि सीआयआरटी, आपल्या पुण्यातच आहेत. तेव्हा पैसे देण्याआधी विचारायचा प्रश्न सोपा आहे: या चेसिसवर, या मापाच्या बॉडीची मंजुरी तुमच्याकडे आहे का, आणि तिची प्रत दाखवता का? ज्याच्याकडे ती असते तो लगेच फाईल काढतो. "पासिंगचं आम्ही बघून घेतो" हे उत्तर आलं तर तिथून उठा.

आधीच नोंदलेली प्रवासी गाडी घेऊन तिचं घर करायचं असेल तर अधिकच जपून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल रोखतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने मूळ ठरवलेल्या रचनेपेक्षा आरसी बुकातला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. काढता येणारी गादी किंवा पेटी ही वेगळी गोष्ट. छत उंच करणं, आसनं काढून कायमचे पलंग बसवणं, गॅसची जोडणी घालणं याला आरटीओची लेखी परवानगी असल्याशिवाय हात लावू देऊ नका. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी सर्वात आधी हेच पाहते.

आगाऊ पैसे घेऊनही गाडी न होणं हे फक्त हायवेवरच्या शेडमध्येच घडतं असं नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत प्रेस्टन टकरच्या कंपनीने अजून न बनलेल्या गाडीसाठी सीट कव्हर, रेडिओ, सामानाच्या पेट्या आगाऊ विकल्या, कारण कारखान्याला रोकड हवी होती. अवघ्या ५१ गाड्या बनल्या आणि कारखाना बंद झाला. टकरवर फसवणुकीचा खटला चालला आणि तो १९५० मध्ये निर्दोष सुटला. म्युनिकच्या सोनो मोटर्सने छतावर सौर पट्ट्या असलेल्या गाडीसाठी हजारो लोकांकडून आगाऊ रक्कम घेतली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती गाडी बनवणं सोडून दिलं. दोन्हीकडे माणसांना गाडी खरोखर बनवायची होती. इच्छा खरी असणं आणि पैसा पुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गिऱ्हाईक इच्छेकडे बघून पैसे देतं.

मग द्यावेत किती? माझं मत सांगते, दुसऱ्या कुणाचं वेगळं असू शकेल. चेसिस तुमची असेल तर सुरुवातीला चौथा हिस्सा, तोही चेसिस शेडच्या गेटातून आत गेल्यावर. वडील पहिला चेक चेसिस आल्याशिवाय घेतच नसत. दुसरा हप्ता सांगाडा उभा झाल्यावर आणि पत्रा चढण्याआधी, कारण वेल्डिंग बघायची तीच एक वेळ असते. पत्रा चढला की आतला कच्चा जोड कुणालाच दिसत नाही. त्या दिवशी जाणकार माणसाला घेऊन जा आणि चेसिस नंबर दिसेल असे फोटो काढा. तिसरा हप्ता रंग आणि सीटांच्या वेळी. शेवटचा पाचवा हिस्सा पासिंग होऊन आरसी हातात आल्यावर. हा शेवटचा हिस्सा सोडू नका. तो हातात असेपर्यंत शेडमध्ये तुमचा फोन उचलला जातो.

महागडी खास वस्तू लागणार असेल, समजा रुग्णवाहिकेतलं उपकरण किंवा मोठी बॅटरी, तर तिच्यासाठी वेगळे पैसे देणं योग्य आहे, पण ते थेट विक्रेत्याला द्या आणि बिल स्वतःच्या नावाचं घ्या. पैसे फर्मच्या चालू खात्यातच जाऊ द्यात, फोरमनच्या फोनवर नाही. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की ती चालू आहे का आणि विवरणपत्रं वेळेवर भरली जातात का हे दिसतं. महिनोन्‌महिने विवरणपत्र नसेल तर शेडच्या आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो. करारात चेसिस नंबर, मटेरियलची जाडी, डिलिव्हरीची तारीख आणि उशिराची भरपाई लिहून घ्या. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि फोमची गादी एकाच छताखाली असतात, म्हणून शेडचा आगीचा विमा आहे का हेही विचारा.

पूर्ण रक्कम आधी दिली तर सूट देतो, असं अनेकजण सांगतात. चांगली चाललेली शेड थोडी सूट देऊ शकते. पण सूट जितकी मोठी, तितकी त्या माणसाला आज रोकड हवी आहे, आणि रोकड का हवी आहे ते मी वर सांगितलंच.

काही जण पैसे देऊन बसल्यावरच विचारतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी पहिल्यांदा शेडमध्ये जाऊन आपल्या गाडीचे आणि तिच्यासाठी आलेल्या सामानाचे फोटो काढावेत, आणि लेखी नोटीस पाठवून डिलिव्हरीची शेवटची तारीख द्यावी. पोलिसात गेलात तर बहुधा "ही दिवाणी बाब आहे" असं ऐकावं लागतं, कारण फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र खुला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, शेड परराज्यात असली तरी. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. "पुढच्या महिन्यात नक्की" ऐकत ती निघून जाऊ देऊ नका. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेणारा ड्रायव्हर कायद्याने ग्राहकच ठरतो, धंद्यासाठी घेतली म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. हे त्याला कुणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येकाला सांगते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मराठीतही बोलता येतं. फोन करण्याआधी पावत्या, कोटेशन आणि व्हॉट्सॲपवरचे सगळे निरोप तारखेप्रमाणे लावून ठेवा.