आमची वाटचाल: जुन्या ट्रकच्या इंजिनाला स्वस्तात गार आणि स्वच्छ हवा

आमचं वर्कशॉप सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आहे. जुन्या ट्रक-टिपरना एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी यंत्रणा, बनवून बसवणं हे आता आमचं मुख्य काम झालंय. हवा ओढायचं तोंड, प्री-क्लीनर (फिल्टरच्या आधीच जड धूळ वेगळी करणारा भाग), फिल्टरचा डबा आणि तिथून टर्बोपर्यंतचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंतचा) पाइप, एवढा सगळा संच. मूळ सुटे भाग घ्यायला जो खर्च येतो, त्याच्या निम्म्याच्या आत आम्ही हे करून देतो. ते कसं परवडतं, असं गाडीमालक विचारतात. या धंद्यात नव्यानं उतरणारी आयटीआयची पोरंही विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वडिलांनी सुरुवात केली ती उसाच्या ट्रॉल्यांपासून. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना वसवला, आणि तेव्हापासून या पट्ट्यात लेथवर हात बसलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आमचे पहिले मिस्त्रीही त्याच भागातले. हंगामात कारखान्याला ऊस वाहणाऱ्या गाड्या हूक, पाटा, फाळका असल्या कामांना यायच्या. गाडी उभी असली की ड्रायव्हर हमखास दुसरं दुखणं सांगायचा: "मिस्त्री, चढाला गाडी मरतीय बघा. नुसता काळा धूर. डिझेल पंप दुरुस्त करून आणला तरी तसंच."

बोनेट उघडून एअर क्लीनरपर्यंत हात घातला की कारण हाताला लागायचं. तोंडाच्या जाळीत उसाचं पाचट गच्च बसलेलं. आतला कागदी फिल्टर टायरवर आपटून आपटून चेपलेला. आणि फिल्टरपासून टर्बोकडं जाणारा रबरी बेंड फाटलेला, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळलेली. त्या ट्यूबच्या कडेनं आत बोट फिरवलं की बोटाला मैद्यासारखी बारीक तांबडी धूळ यायची. फिल्टर कितीही चांगला घातला तरी त्याच्या पुढच्या सांध्यातून हा फुफाटा सरळ इंजिनात जातो. मातीतली वाळू पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) घासून काढते, टर्बोची पाती झिजवते. मग इंजिन ऑइल खायला लागतं आणि मालक म्हणतो इंजिन काढायला झालं. इंजिनाचा दोष नव्हताच, सांध्याचा होता. तिथून वडिलांनी हे काम धरलं.

हवेचं गणित ड्रायव्हरला सांगितलं की त्याचा विश्वास बसत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्तच हवा घेतं. 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन 2,500 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर, पळत असेल, तर टर्बो नसतानाही ते मिनिटाला सहा हजार लिटरच्या वर हवा ओढतं. टर्बो असला तर आणखी. एवढी हवा जिथून जाते, तिथं पाचट आणि सायकलची ट्यूब चालत नाही.

मधल्या काळात एक टूम आली होती. फिल्टरचा डबाच काढून टाकायचा आणि बोनेटखाली उघडा, शंकूसारखा फिल्टर लावायचा. आवाज मोठा येतो, त्यामुळं ताकद वाढल्यासारखी वाटते. आम्ही ते काम कधी घेतलं नाही. हवा तापली की दर तीन अंशांना जवळजवळ एक टक्का विरळ होते. बोनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस अंशांनी गरम असेल, तर इंजिनाला नऊ-दहा टक्के हवा कमी मिळाली. पैसे घालून ताकद घालवायची, याला काय अर्थ आहे? म्हणून आमच्या संचाचं हवेचं तोंड नेहमी बाहेर असतं, केबिनच्या मागं, उंचावर. चाकांची धूळ खाली राहते आणि इंजिनची धगही लागत नाही.

आता खर्चाचं. आम्ही पैसे वाचवतो ते पाइप, ब्रॅकेट, डबा आणि प्री-क्लीनरवर. हे सगळं पत्र्याचं काम आहे आणि ते सांगलीत होतं. फिल्टर, रबरी जोड आणि क्लिप यांवर एक रुपयाही वाचवत नाही. एका पुरवठादारानं स्वस्तात फिल्टर देऊ केले होते. वरून दिसायला तसेच, पण कडेची रबरी गॅस्केट डब्यात नीट बसत नव्हती आणि कागदाच्या घड्या डिंकापासून सुटत होत्या. सगळा माल परत पाठवला. गाडीमालकाला हजार-दीड हजाराचा फरक दिसतो, पण लायनर-पिस्टनचं काम निघालं की किती जातात हे त्यालाही माहीत असतं.

पाइपच्या बाबतीत दोन गोष्टींवर आमचा कटाक्ष असतो. पहिली म्हणजे व्यास. जागा नाही म्हणून पाच इंचाच्या ठिकाणी चार इंची पाइप घातला, तर तेवढीच हवा सरळ पाइपातून ओढायला साधारण तिप्पट जोर लागतो. कोपऱ्यात पत्रा कापून काटकोनात जोडला तर आणखीच. आम्ही बेंड मोठ्या वळणाचा घेतो. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. पाइपाच्या आत राहिलेला वेल्डिंगचा एक दाणा सुटला तरी थेट टर्बोच्या पात्यावर जाऊन आपटतो. म्हणून प्रत्येक पाइप आतून घासायचा, धुवायचा, पांढरं फडकं ओढून बघायचं, मगच बसवायचा. आतून रंग मारत नाही, कारण त्याचे पोपडे सुटतात. पाइपाच्या टोकाला कॉलर काढतो, म्हणजे क्लिप आवळल्यावर रबरी जोड घसरत नाही. पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडतो हे खरं, पण ऐंशी अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. इंजिनाजवळ आम्ही तो वापरत नाही.

काम झाल्यावर तपासणी. यासाठी महागडं मीटर लागत नाही. लेव्हल बघायला गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी घ्यायची, फळीवर यू आकारात बसवायची, मध्ये पट्टी लावायची आणि निळीचं पाणी अर्ध्यापर्यंत भरायचं. एक टोक फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपाला जोडायचं, दुसरं मोकळं ठेवायचं. इंजिन हवा ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी चढतं, दुसरीकडचं उतरतं. दोन्हींमधलं अंतर म्हणजे इंजिनाला हवा ओढायला किती कष्ट पडतात त्याचं माप. टर्बोच्या बऱ्याच डिझेल इंजिनांना 25 इंच, म्हणजे 635 मिलिमीटर पाणी, ही शेवटची हद्द धरतात. बिनटर्बोच्या इंजिनांना 20 इंच. आमचा संच नव्या फिल्टरसह दहा-बारा इंचांच्या आत असला तरच गाडी बाहेर सोडतो. हे माप उभ्या गाडीला नुसती रेस देऊन घेण्यात अर्थ नाही. भरलेली गाडी, चढ आणि पाय पूर्ण खाली, तेव्हाचं माप खरं. चिपळूणहून भरून कुंभार्ली घाट चढताना गाडीवरचा क्लीनर पोरगा ही फळी मांडीवर धरून बसतो आणि आकडे लिहून घेतो. वर्कशॉपमध्ये ठीक वाटलेला जोड पहिल्या दोन वळणांतच खरा-खोटा कळतो.

क्रशरवर चालणाऱ्या आणि जत-कवठेमहांकाळकडं मुरमाचं काम करणाऱ्या टिपरसाठी प्री-क्लीनर आम्ही स्वतः विकसित केला. पत्र्याची तिरकी पाती हवेला गरगर फिरवतात, जड धूळ कडेला फेकली जाते आणि खालच्या रबरी ओठातून गळून पडते. त्यामुळं फिल्टर जास्त दिवस टिकतो. उसाच्या गाड्यांना मात्र पातीत पाचट अडकतं, म्हणून त्यांना वरून हातानं काढता येणारी जाळी देतो. ड्रायव्हरनं वजनकाट्याच्या रांगेत उभं असताना ती काढून झटकायची. फिल्टर मात्र रोज काढून हवा मारायची नाही. जोराच्या हवेनं कागद फाटतो, आणि दर वेळी डबा उघडला की थोडी धूळ आत जातेच. मोठ्या फिल्टरच्या आत दुसरा छोटा फिल्टर असतो, तो तर कधीच साफ करायचा नाही, थेट बदलायचा.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर बुडालेल्या गाड्यांची रांग लागली. ज्यांनी घाईनं स्टार्टर मारला त्यांच्या कनेक्टिंग रॉड वाकल्या, कारण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. ज्यांनी इंजेक्टर काढून आधी पाणी बाहेर काढलं, त्यांची इंजिनं वाचली. तेव्हापासून उंच तोंडाची मागणी वाढलीय. पण मी प्रत्येकाला सांगतो, हे धुळीसाठी आहे. तोंड उंच आहे म्हणून पाण्यात गाडी घालू नका, बेअरिंग आणि गिअरबॉक्स तर खालीच असतात.

नव्या गाड्यांचं काम आम्ही घेत नाही. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) गाड्यांत सेन्सर आणि धुराची यंत्रणा एकमेकांना बांधलेली आहे. तिथं बाहेरचा पाइप घालणं मालकाच्या हिताचं नाही. जुन्या गाड्यांतही मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम (गाडीत फेरफार करण्याविषयीचं) लक्षात ठेवून मूळ रचनेच्या आतच राहतो, इंजिनाला हात लावत नाही.

येत्या हंगामासाठी काम करून घ्यायचं असेल, तर साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी या, नंतर गाडी दोन दिवस उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही. येताना फिल्टर धुऊन किंवा बदलून आणू नका. जसा आहे तसाच राहू द्या. त्याच्यावर धूळ कुठल्या बाजूनं बसलीय, यावरून निम्मं दुखणं कळतं.