रिजन अखेर पूर्ण झालं, आणि डीपीएफ निर्दोष सुटला

मंडळी, माझ्या डिझेल गाडीचं रिजन झालं, म्हणजे डीपीएफ या धुराच्या फिल्टरात साचलेली काजळी तापवून जाळून टाकणं. अर्धवट तुटलेलं नाही, पूर्ण! काजळी २६ ग्रॅमवरून ४ वर आली, डीपीएफच्या आधीचा तापमान सेन्सर ६०० अंशांच्या वर ठाण मांडून होता, आणि गाडी थांबवल्यावर मागून तो करपट वास आला. एरवी नाक मुरडावं असा वास, पण आज उभं राहून घेतला.

फिल्टर तोच आहे, डिझेल तेच, रस्ताही तोच. बदलला तो फक्त थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह.

मागच्या नोंदीपर्यंतची परिस्थिती आठवत असेलच. पी२४६३ (काजळी जास्त साचल्याचा दोष-कोड) पुन्हा पुन्हा उगवत होता. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर नवा बसला, त्याच्या दोन्ही नळ्या बदलल्या, इंजिन बंद असताना आकडा शून्यावर येऊ लागला. मापन सुधारलं, पण काजळी काही उतरेना. वर्कशॉपचं पालुपद एकच: "फिल्टर गेला, बदलून टाका." फिल्टर हा या गाडीतल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी एक, आणि "बदलून बघू" याला मी निदान म्हणत नाही. राखेने भरलेला फिल्टर रिजन नीट होऊनही धुराची वाट अडवून इंजिनवर उलटा दाब देत राहतो. इथे तर रिजनच होत नव्हतं. मग फिल्टरवर आळ कशाला?

दुसरा सल्ला सगळ्यांनीच दिला होता: मोकळ्या रस्त्यावर काढ आणि ताण. एरवी सोळा आणे बरोबर. पण माझ्या लॉगमध्ये (गाडीच्या संगणकातून नोंदवलेल्या आकड्यांत) उलटंच दिसत होतं. रखडत्या रहदारीत कधीतरी रिजन सुरू व्हायचं आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की काही मिनिटांत गळपटायचं. जिथे व्हायला हवं नेमकं तिथेच तुटतंय, हे डोक्यातून जाईना.

म्हणून आलेखात वेग, काजळी आणि एक्झॉस्टच्या तापमानाशेजारी कूलंटची रेघ टाकली, आणि चोर तिथेच सापडला. रहदारीत ७८ अंश, मोकळ्या रस्त्यावर ६४. नीट चालणाऱ्या थर्मोस्टॅटची गाडी तापली की ९० च्या आसपास बसते आणि तिथून फारशी हलत नाही. इथे वारा लागला की इंजिन थंड पडत होतं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला आणि कूलंट सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतंय. ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) लेखी इंजिन अजून तापायचंच आहे, त्यामुळे तो रिजनला परवानगी देत नाही, दिली तरी तापमान घसरताच काढून घेतो. वर थंड इंजिन काजळीही जास्त ओकतं. म्हणजे दुहेरी मार.

डॅशबोर्डने यातलं काहीच सांगितलं नाही. या देखण्या डिजिटल पॅनलवर तापमानाची सुई नाही. एक निळा दिवा आहे, तो कूलंट जेमतेम कोमट झालं की विझतो. थर्मोस्टॅटचा पी०१२८ कोड एकदाही नोंदला गेला नाही. डिझायनरांनी एका सुईपुरती जागा ठेवली असती तर त्या पॅनलच्या रूपाला काही बाधा आली नसती.

खात्री करायला सोपी युक्ती आहे. गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरची वरची नळी हाताने चाचपा (पंख्यापासून बोटं लांब ठेवून). थर्मोस्टॅट ठीक असेल तर ती बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते. माझी पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली. जुना भाग काढून हातात घेतला तर पूर्ण गार असतानाही व्हॉल्व्हच्या कडेला नख जाईल एवढी फट होती.

नवा भाग निवडताना एक गोष्ट बघा. स्वस्त नकलेच्या हाउसिंगवर साच्याची जोडरेघ थेट ओ-रिंगच्या (गोल रबरी सीलच्या) खाचेतून गेली होती, बोट फिरवलं की टोचायची. तिथूनच पुढे गळती लागते. ती परत केली. दुसरा भाग बसवण्याआधी उकळत्या पाण्यात सोडला, थर्मामीटर शेजारी. छापलेल्या ८८ च्या जवळ उघडायला लागला, बाहेर काढल्यावर निमूट मिटला. बसवल्यावर हवा काढण्यात खरा वेळ गेला. डॅशबोर्डमागची गुडगुड थांबेपर्यंत ब्लीड स्क्रूपाशी ठाण मांडावं लागलं.

ऑइलही लगेच बदललं. तुटलेल्या रिजनमध्ये उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर पातळी कमाल खुणेच्या वर चढली होती आणि काडीला डिझेलचा वास होता. ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालेलं असतं. नवं घातलं ते कमी राखेचं, सी३ दर्जाचं. बाटलीतल्या "डीपीएफ क्लीनर"वर माझा विश्वास नाही. काजळी उष्णतेने जळते आणि राख कशानेच जळत नाही.

आता मूळ प्रश्न: रोजच्या वापराला ही गाडी कशी? गेल्या काही नोंदींत माझा कल "छोट्या फेऱ्या असतील तर नको" याकडे झुकला होता. तो निकाल आजारी गाडीचा होता, म्हणून मागे घेतो. पण पूर्ण नाही. इंजिन तापायच्या आत ज्यांचा प्रवास संपतो त्यांनी पेट्रोल बघावं, थर्मोस्टॅट कितीही नवा असो. ज्यांना अधूनमधून वीसेक मिनिटांची अखंड धाव मिळते त्यांना दीड लिटरच्या या इंजिनचा खालचा टॉर्क फार आवडेल. चढावर गिअर उतरवावा लागत नाही, हे सुख रोजचं आहे. उतरतं छत आणि जाड मागचा खांब यांमुळे मागे वळून बघणं म्हणजे कॅमेऱ्यावर भिस्त. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर पुसायच्या फडक्यानेही ओरखडे पडतात, त्याबद्दल पूर्वी पुरेसं कुरकुरलो आहे.

पुढची नोंद १८ इंची चाकं उतरवून १७ वर जाण्याची होणार होती. ती मागे ढकलतोय. हे लिहिता लिहिताच सुचलं: रिजन चालू आहे हे गाडी सांगत नाही, आपण नकळत मध्येच किल्ली फिरवतो, आणि ऑइल बिघडायला तिथूनच सुरुवात होते. फोनवर ॲप उघडून बसणं रोज जमत नाही, आणि गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) पोर्टात लावायच्या ईएलएम३२७ ॲडॅप्टरचा '२.१' छापलेला माझा क्लोन निम्म्या कमांड गिळतो. म्हणून स्वतःच काहीतरी बनवावं म्हणतो. ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डमध्ये कॅन (गाडीतले संगणक ज्यावर बोलतात ते जाळं) कंट्रोलर आतच असतो, फक्त ट्रान्सीव्हर (त्या तारांशी जोडणारी चिप) जोडावा लागतो. एक्झॉस्टचं तापमान ५०० च्या वर गेलं की एक छोटा केशरी एलईडी लागेल, एवढंच करायचं आहे. किंवा एलईडीऐवजी बझर? नको, तो डोकं उठवेल.

एक अडचण आहे. ओबीडी पोर्टला गाडी बंद असतानाही वीज मिळते, त्यामुळे बोर्ड झोपला नाही तर बॅटरी उतरेल. कुणी इग्निशनवर चालणारा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसवून वीज घ्यायचा जोड) याच मालिकेच्या गाडीत लावला असेल तर कुठल्या फ्यूजवर लावला ते खाली सांगा. मागच्या वायपरचा फ्यूज माझ्या डोळ्यासमोर आहे, पण बोर्डाची वायर तिथवर ओढायची म्हणजे डिकीचं अर्धं अस्तर उचकटावं लागेल.