गूझेर फुगेपर्यंत

पहिल्या खेपेला ओव्हनमधून ट्रे काढला तेव्हा त्यावर चोवीस चपट्या चकत्या होत्या. कडा तांबूस, मधला भाग ओलसर, आणि उचललं की वाकायच्या. चव चांगली होती. लोणी आणि चीज एकत्र भाजल्यावर ती वाईट होईलच कशी? पण ती गूझेरं नव्हती.

गूझेर म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातला चीजचा फुगलेला गोळा. घरी करतात तो लिंबाएवढा, बेकरीत मिळतो तो मुठीएवढा. बाहेरून कुरकुरीत, आत पोकळ, आणि पोकळीच्या आतल्या बाजूला मऊ, किंचित ओढले जाणारे पापुद्रे. जेवणाआधी पाहुणे जमले की हे गरम गरम फिरवतात, आणि शाब्लीकडच्या वाइनच्या तळघरांमध्ये चव घ्यायला गेलं तरी समोर येतात. योन नदीकाठचं ओसेर आणि त्याच्या पूर्वेचं तोनेर इथले लोक गूझेराला आपल्या घरचं मानतात. मी राहते दिजाँला, एका प्रयोगशाळेत नोकरी करते. खालच्या मजल्यावरच्या मादाम सत्तरीच्या पुढच्या आहेत. मी राहायला आले त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं आणि बशीभर गूझेरं पुढे ठेवली. सोबत कीर होती, म्हणजे आलिगोते जातीच्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या करंटची गोड लिकर. १९४५ पासून १९६८ पर्यंत दिजाँचे महापौर असलेले फेलिक्स कीर हे धर्मगुरू पाहुण्यांना हेच पेय द्यायचे, म्हणून त्याला त्यांचं नाव पडलं. मी वाइन घेत नाही. गूझेरं मात्र सात खाल्ली, आणि तेव्हाच ठरवलं की हे आपल्याला आलं पाहिजे.

मादामनी प्रमाण सांगितलं ते मी एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. पाणी १२५ मिली, दूध १२५ मिली, लोणी १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, अंडी चार, किसलेलं कोंते चीज १२० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, मिरपूड, जरासं जायफळ. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, यीस्ट नाही. कृती ऐकताना मला हसू आवरेना. दूध-पाण्यात मीठ आणि लोणी घालून उकळी आणायची, मैदा एकदम घालायचा, लाकडी उलथन्याने घोटायचं. ही तर उकड! मी रत्नागिरीची. आईने मला आठवीत असताना उकड काढायला शिकवली, आणि आमच्याकडे गणपतीत एकवीस मोदकांचं सारण भरायच्या आधी उकड कशी झाली आहे ते बोटाने दाबून बघायचं काम माझं असायचं. फ्रेंच लोक ज्याला पात आ शू म्हणतात, म्हणजे कोबीसारख्या दिसणाऱ्या फुगऱ्या गोळ्यांचं पीठ, ते माझ्या हातात आधीच आहे असं मला वाटलं.

तिथेच चुकलं. मैदा घातला, घोटला, गुठळ्या मोडल्या, आणि हाताने आपसूक गॅस बारीक करून पातेल्यावर झाकण ठेवलं. दोन मिनिटं वाफ आणली. उकडीला हे लागतंच. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे ते पाणी पिऊन, वाफेवर पूर्ण शिजून मऊ झालं तरच त्याची पारी तडकत नाही. म्हणून झाकण. मी ते इतक्या वर्षांत कधी विचार करून ठेवलं नव्हतं, आणि त्या दिवशीही नाही.

चकत्यांचा फोटो मादामना दाखवला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही पीठ किती वेळ वाळवलंत?"

पुढच्या रविवारी त्या वर माझ्याकडे आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. लोण्याचे मी बारीक तुकडे केले नव्हते, ते त्यांनी आधी करायला लावले. मोठा तुकडा वितळायला वेळ लागतो, तोवर पाणी उकळून उडत राहतं आणि प्रमाण बिघडतं. लोणी वितळलं, उकळी फुटली, पातेलं खाली उतरवून मैदा एकदम ओतला, घोटला. झाकणाकडे माझा हात गेला तेव्हा त्या उठल्या आणि झाकण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. पातेलं परत आचेवर ठेवायला लावलं, मध्यम आच, आणि म्हणाल्या, आता थांबू नका.

तीन मिनिटं मी ते पीठ पातेल्याच्या बुडावर दाबत, उलटत, पसरत राहिले. आधी ते ओलसर चमकत होतं आणि उलथन्याला चिकटत होतं. मग चमक गेली. एकच गोळा झाला, तो कडा सोडून उलथन्याबरोबर फिरायला लागला, आणि स्टीलच्या बुडाला पांढरट पातळ साय धरल्यासारखा थर बसला. फोडणीत तेल तडतडतं तसा बारीक आवाज बुडातून यायला लागला. मादाम म्हणाल्या, हा थर दिसला की पीठ वाळलं. त्यांच्या भाषेत या पिठाला पानाद म्हणतात आणि या वाळवण्याला देसेशे.

प्रयोगशाळेत सगळंच तोलायची सवय असल्यामुळे नंतर एकदा मी पातेलं वाळवण्याआधी आणि नंतर काट्यावर ठेवलं. वजन वीसेक ग्रॅमने उतरलं होतं. वीस ग्रॅम पाणी म्हणजे चार चहाचे चमचे. एवढंसंच, पण त्याच्या जागी पिठात तेवढं जास्त अंडं मावतं, आणि सगळा खेळ अंड्यावर आहे. ओव्हनमध्ये गोळ्याच्या आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागतं. फुलका तव्यावरून विस्तवावर टाकल्यावर टम्म फुगतो ते याच जोरावर. फुलक्याला दोन पापुद्रे असतात, वाफ त्यांच्यामध्ये अडकते. इथे शिजलेला मैदा आणि अंडं मिळून तो पापुद्रा होतो, आधी फुग्यासारखा ताणला जातो आणि मग अंडं आवळून तो आहे त्या आकारात घट्ट करतं. पिठात पाणी जास्त राहिलं की गोळा ताणला जाण्याऐवजी पसरतो. माझ्या चोवीस चकत्या अशा झाल्या होत्या.

म्हणजे उकडीने मला अर्धी कृती बरोबर शिकवली होती. उकळत्या पाण्यात पीठ एकदम घालायचं, न घाबरता जोर लावून घोटायचं, गुठळी राहू द्यायची नाही, हे माझा हात बरोबर करत होता. पण तिथे वाफ आत राखायची असते आणि इथे घालवायची असते. हे हाताला समजावायला मला तीन रविवार लागले.

अंड्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण कृतीत "चार अंडी" एवढंच लिहितात आणि घोळ तिथेच होतो. फ्रान्समध्ये मध्यम अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं, मोठं ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं. चार मोठी आणि चार मध्यम यांत सहज एका लहान अंड्याचा फरक पडतो. मी पहिल्यांदा मोठी घातली होती, तीही न वाळवलेल्या पिठात. आता मी तीन अंडी एकेक करून घालते आणि चौथं वाटीत फेटून चमच्याचमच्याने. पीठ आधी गार व्हायला पाहिजे, बोट रुतवून चार-पाच सेकंद सहज ठेवता येईल इतपत, नाहीतर अंडं तिथेच शिजतं आणि त्याचे पांढरे तंतू दिसतात. पहिलं अंडं पडलं की पीठ फुटतं, गुळगुळीत तुकडे एकमेकांवरून घसरायला लागतात आणि वाटतं की सगळं बिघडलं. बिघडलेलं नसतं. मिनिटभर नेटाने घोटलं की ते परत एकजीव होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंड्यालाही असंच.

कधी थांबायचं हे उलथनं सांगतं. पिठात बुडवून ते वर उचलायचं. पीठ गोळा होऊन थबकन खाली पडलं तर अजून अंडं हवं. सलग धार लागली तर जास्त झालं, आणि ते मागे घेता येत नाही. बरोबर असलं की पीठ उलथन्याला धरून राहतं, हळूहळू खाली ओघळतं आणि त्याचा त्रिकोण लटकतो, पक्ष्याच्या चोचीसारखा. मी तो त्रिकोण पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटीत जवळजवळ अर्धं अंडं उरलं होतं. ते वाया जात नाही, गोळ्यांवर ब्रशने लावायला येतं.

दुसरी खेप सुंदर फुगली आणि मी बिघडवली. पंधराव्या मिनिटाला राहवलं नाही, ओव्हनचं दार उघडलं. डोळ्यांदेखत सगळे गोळे बसले. तोवर भिंती घट्ट झालेल्या नसतात, आतल्या वाफेवरच उभ्या असतात. गार हवा लागली की वाफेचं पाणी होतं. तिसऱ्या खेपेला दार उघडलं नाही, पण रंग छान आला म्हणून बावीस मिनिटांत काढली, आणि ताटात ठेवल्यावर दहा मिनिटांत ती मऊ पडली. आतला ओलावा बाहेर येऊन कवच भिजवतो. आता मी ओव्हन २०० अंशांवर नीट तापवते, पंचवीस मिनिटं दाराला हात लावत नाही, मग प्रत्येक गोळ्याला बाजूने सुरीच्या टोकाने भोक पाडून १७० अंशांवर आणखी पाच-सात मिनिटं ठेवते. भोकातून वाफेची बारीक रेघ निघताना दिसते. गूझेराच्या फटीसुद्धा, जिथे कवच तडकून आतलं पीठ वर आलेलं असतं, पांढऱ्या न राहता तांबूस व्हायला हव्यात. फटी पांढऱ्या असतील तर आत ओल आहे.

चीज मी दिजाँच्या जुन्या बाजारातून आणते, ले आलमधून, शनिवारी सकाळी. कोंते शेजारच्या जुरा डोंगरात कच्च्या दुधापासून करतात. त्याच्या नावाला १९५८ पासून कायद्याचं संरक्षण आहे आणि किमान १२० दिवस मुरल्याशिवाय ते विकायला येत नाही. एक चाक साधारण चाळीस किलोचं. दुकानदार विचारतो, किती महिन्यांचं देऊ? मी एकदा हौसेने चोवीस महिन्यांचं घेतलं. ते नुसतं खायला फार छान लागतं, दाताखाली खडीसाखरेसारखे बारीक कण येतात, पण गूझेरात ते नीट वितळलं नाही आणि खारट झालं. बारा महिन्यांचं बरं. कोंते नसेल तर ग्रुयेर. दोन तृतीयांश पिठात आणि उरलेलं गोळ्यांवर भुरभुरायचं. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावं की अंडी सोडली तरी कोंते करताना वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. माझ्या ओळखीच्या एका ताईंना हे मी आधी सांगितलं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला गेले तेव्हा आईला करून दाखवायचं ठरवलं. कोंते बरोबर नेलं नव्हतं. जवळच्या दुकानात प्रोसेस्ड चीजच्या विटा होत्या, त्या मी घेतल्या नाहीत. त्यांत घातलेल्या क्षारांमुळे ते वितळून पिठात मुरण्याऐवजी वेगळंच चिकट होतं. कोल्हापूरहून येणाऱ्या भावाला साधं चेडर आणायला सांगितलं. अंडी तोलली तर एकेक पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणून पाच काढून ठेवली. ओटीजीमध्ये बसतील एवढेच बारा-बारा गोळे, दोन खेपा.

पीठ आईने घोटलं. मी म्हटलं, "अगं, मी करते, तू बस." म्हणाली, "तू अंडी बघ. उकड मला काढू दे." तिच्या हाताला जे वळण आहे ते मला आलेलं नाही, मैदा पडल्यापासून पाच-सहा फेऱ्यांत एक गुठळी राहिली नाही. आणि मग तिने मागे न बघता मांडणीवरून झाकण उचललं. मी काही बोलायच्या आत पातेल्यात डोकावली, थांबली.

"हे ओलं आहे गं," म्हणाली. "याला वाफ दिली तर चिकट होईल."

मी तिला वाळवण्याचं अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिने झाकण परत ठेवलं, आच थोडी वाढवली आणि पीठ परतत राहिली, बुडाला पांढरा थर धरेपर्यंत.

पहिली खेप निघाली तेव्हा बाबा चहा घेऊन बसले होते. वरून रंग आला होता, फटी तांबूस होत्या. आईने एक फोडलं, आत बोट घालून पाहिलं, कोरडं होतं. मग अर्धं बाबांच्या बशीत ठेवून म्हणाली, "मिरी कमी पडली. पुढच्या खेपेला घाल."