ह्यात दोरा कुठला?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा.

दुपारपासून पावसानं धरलंय. रंकाळ्याच्या कडेनं येताना चिंब भिजले, पण फोन पिशवीत गुंडाळून सुका आणला. त्यात प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला आजचा फोटो होता.

काळे ठिपके, म्हणजे सोन्याचे कण, पॉलिमरच्या पांढऱ्या पट्ट्यांत बसलेत. करड्या पट्ट्यांत जवळजवळ एकही नाही. चार महिने ह्याच फोटोची वाट बघत होते.

बाबा कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, पटवेकरी. साजाचे मणी आणि पानं ओवून गाठवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. फोटो बघून त्यांनी पहिलं विचारलं, "पोरी, ह्यात दोरा कुठला घातलायस?"

दोरा नाहीच! जेवताना तांबड्या रश्श्यावरचा तवंग दाखवून सांगितलं. तेल-पाण्याचं जमत नाही म्हणून तेल सगळं वर येतं. पण तेलाचा एकेक कण पाण्याच्या एकेका कणाला कायमचा बांधलेला असता तर? फारकत तर हवी, पण लांब जाता येत नाही. आमचं पॉलिमर, म्हणजे साखळीसारखे लांबलचक रेणू, तसंच आहे. साखळीचा अर्धा भाग पॉलिस्टायरीन, अर्धा पॉलिव्हिनाइलपिरिडीन, मध्ये पक्का रासायनिक बंध. साखळीची लांबी असेल तेवढंच दूर सरकता येतं, म्हणून आपोआप पट्टे पडतात. आमचा एकेक पट्टा २०-३० नॅनोमीटरचा. एक भाग पाव हिश्श्यापर्यंत कमी केला तर पट्ट्यांऐवजी दंडगोल होतात, त्याहून कमी केला तर गोळ्या.

सोन्याचे कण ५ नॅनोमीटरचे. बाबांचा दोन मिलिमीटरचा मणी धरला तर त्याच्या चार लाखपट लहान. त्यांच्यावर पॉलिस्टायरीनच्याच आखूड साखळ्यांचं आवरण. साखळीच्या टोकाचं गंधक सोन्याला घट्ट धरतं, आणि मग कण आपल्यासारख्याच पट्ट्यात शिरतो. मागच्या खेपेला आवरण विरळ पडलं. उघड्या राहिलेल्या सोन्याला पिरिडीननं ओढलं आणि कण दोन पट्ट्यांच्या सीमेवर जाऊन बसले. त्या रात्री मी रडले होते. आता तो फोटो जपून ठेवलाय, कारण कण मुद्दाम सीमेवर बसवायचे झाले तर रीत तीच.

या खेपेला आवरण दाट केलं आणि वाळवायची घाई केली नाही. ज्यात हे सगळं विरघळवलेलं असतं ते क्लोरोफॉर्म भर्रकन उडालं की साखळ्या असतील तिथंच थिजतात, ओळ लागायला सवडच मिळत नाही. झाकणाखाली दोन दिवस हळूहळू वाळू दिलं. मग पातळ काप काढून आयोडीनची वाफ दिली. ती पिरिडीनमध्ये मुरते, म्हणून तो पट्टा करडा दिसतो.

बाबांनी चष्मा वर सारून फोटो पुन्हा बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं ववायला चुकलंय."

खरंच की. तिथं एक पांढरा पट्टा मध्येच संपतो, शेजारचे दोन वाकून एकमेकांना भेटतात आणि त्या बेचक्यात ठिपक्यांची गर्दी झालीय. दिवसभर फोटो बघून माझ्या नजरेतून हे सुटलं होतं. तिथं जागा भरायला साखळ्यांना जास्त ताणावं लागत असेल, आणि कण ती जागा भरून ताण कमी करत असतील. सोमवारी त्याच तुकड्याचे आणखी काप काढायचे. बाबांना विचारून अशा जागा मोजायच्या, त्यांची नजर माझ्यापेक्षा सरावलेली आहे.