आरएक्स १०० : चारही इंडिकेटर एकदम का लुकलुकत होते

माझ्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या इंडिकेटरमध्ये चारही एलईडी बल्ब बसल्याचे आणि फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा डबा) बदलायचा राहिल्याचे मागील नोंदीत लिहिले होते. फ्लॅशर बदलला, इंडिकेटर लुकलुकू लागले, परंतु डावीकडे बटण सरकवले तरी उजवीकडचे दोन्ही दिवे साथीला लागत आणि उजवीकडे सरकवले तरी तीच गत. हे कोडे अखेर सुटले आहे. ज्यांच्या मीटरमध्ये (वेग दाखवणाऱ्या तबकडीत) दोन्ही बाजूंना मिळून इंडिकेटरचा एकच दिवा आहे, त्या सर्वांपुढे ते केव्हा ना केव्हा उभे राहणार असल्याने सविस्तर लिहितो.

आधी फ्लॅशरविषयी थोडक्यात. मूळचा दोन पिनांचा डबा एका बाजूच्या १० वॅटच्या दोन बल्बांचा प्रवाह गृहीत धरून चालतो. एलईडीवर तो दिवे नुसते पेटवून ठेवत होता. त्याऐवजी घेतलेल्या तीन पिनांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला बी (बॅटरीकडून येणारी वीज) आणि एल (दिव्यांकडे जाणारी वीज) यांखेरीज ई, म्हणजे अर्थची (वीज परत जाण्यासाठी गाडीच्या सांगाड्याला जोडायची) पिन असते, आणि भार कितीही कमी असला तरी त्याची गती ढळत नाही. पिनांचा क्रम मात्र प्रत्येक उत्पादकाचा निराळा असल्याने अक्षरे वाचूनच वायरी लावाव्यात. यामाहाची तपकिरी वायर बी पिनेला, तपकिरी-पांढरी एल पिनेला लावली आणि ई पिनेसाठी काळी वायर स्वतंत्र ओढली. बाजूच्या बारीक स्क्रूने वेग मिनिटाला सुमारे ८५ वर आणला आहे. नियमाप्रमाणे तो ६० ते १२० च्या दरम्यान असावा लागतो.

चारही दिवे एकदम लागण्याच्या दोषावर सल्ल्यांची वानवा नव्हती. फ्लॅशर ज्या दुकानातून घेतला, तेथे लोड रेझिस्टर (जुन्या बल्बाइतका प्रवाह ओढणारा रोधक) बसवण्यास सांगण्यात आले. ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या मिस्त्रींनी हँडलचे स्विच उघडून पाहिले, ते स्वच्छ निघाले, तेव्हा "अहो, आतून वायरिंग शॉर्ट आहे, नवा हार्नेस टाका" असा, म्हणजे गाडीच्या वायरींचा सगळा जुडगाच बदलण्याचा, निकाल दिला. त्यांच्या निदानाला आधारही होता. हेडलाइटच्या डोममध्ये (गोल खोक्यात) डाव्या बाजूची चॉकलेटी आणि उजव्या बाजूची गडद हिरवी वायर येते. स्विच मध्यावर असताना या दोहोंना मल्टिमीटर लावला, तर त्या आतून जोडलेल्या असल्याची खूण देणारा त्याचा बझर वाजत असे. ओहमच्या पट्टीवर आकडा जेमतेम ५ च्या आसपास येई. एवढ्यावर कोणीही शॉर्ट असेच म्हणेल.

दोन गोष्टी मात्र त्या निदानात बसत नव्हत्या. डावीकडे बटण असताना उजवीकडचे दिवे डावीकडच्यांपेक्षा किंचित मंद दिसत, आणि मीटरमधला दिवा दिवसा विझलेलाच वाटे, अंधारात जेमतेम लालसर होई. वायरी एकमेकींना खरोखर चिकटल्या असत्या, तर चारही दिवे सारख्याच तेजाने लागले असते. म्हणून मीटरच्या मागचा होल्डर खेचून त्यातला ३ वॅटचा बल्ब काढला आणि पुन्हा मल्टिमीटर लावला. बझर गप्प झाला. बल्ब बाहेर ठेवूनच डावीकडचा इंडिकेटर लावला, तर फक्त डावीकडचे दोन दिवे लुकलुकले. हार्नेसला काहीही झालेले नव्हते.

मूळ जोडणीत या बल्बाला अर्थ नसतोच. त्याचे एक टोक चॉकलेटी वायरीला आणि दुसरे हिरव्या वायरीला असते. डावीकडे वीज आली की ती बल्बातून पलीकडे जाते आणि उजवीकडच्या थंड फिलामेंटमधून अर्थला मिळते. १० वॅटच्या दोन थंड फिलामेंटचा एकत्रित रोध एखादा ओहमही भरत नाही, तर पेटलेल्या ३ वॅटच्या बल्बाचा जवळजवळ ४८ ओहम असतो; त्यामुळे सगळा दाब (व्होल्टेज) मीटरच्या बल्बावर पडतो आणि उजवीकडचे दिवे उजळत नाहीत. एका वायरीची बचत करणारी ही युक्ती मोठी हुशारीची आहे, पण ती फिलामेंटच्या भरवशावर उभी आहे. माझ्या एलईडीला मोजून ०.१२ अँपिअर पुरते, म्हणजे दीड वॅटच्या आसपास (पाकिटावर ८ वॅट छापले आहे, त्याविषयी न बोललेले बरे). इतका थोडा प्रवाह मीटरच्या बल्बातून सहज झिरपतो, बल्ब तापतही नाही आणि पलीकडचे एलईडी लागतात.

लोड रेझिस्टरने हा दोष गेला असता, हे मान्य केले पाहिजे, कारण पलीकडच्या बाजूला पुन्हा कमी रोधाची वाट मिळाली असती. परंतु १० ओहमचा रेझिस्टर १३ व्होल्टवर सुमारे १७ वॅटची उष्णता टाकतो. लहानशा बॅटरीवरचा भार उतरावा म्हणून एलईडी लावायचे आणि तो भार तापणाऱ्या तुकड्यातून परत चढवायचा, हे मला पटत नाही.

उपाय वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन १एन४००७ डायोडचा; त्यांच्या एका टोकाशी पट्टी छापलेली असते. एकाचे साधे टोक चॉकलेटी वायरीला, दुसऱ्याचे हिरव्या वायरीला; पट्टीकडची दोन्ही टोके एकत्र करून मीटरच्या बल्बाच्या एका वायरीला, आणि बल्बाची दुसरी वायर अर्थला. वीज दोन्हीकडून बल्बाकडे येऊ शकते, परंतु एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. यासाठी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात, लॅमिंग्टन रोडला, जाण्याची गरज नाही, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही हे डायोड मिळतात. सर्व जोड बुलेट कनेक्टरचे केल्याने मूळ हार्नेसची एकही वायर कापावी लागली नाही, याचे समाधान आरएक्सवाल्यांना वेगळे सांगायला नको. पूर्वी संध्याकाळी माजिवड्याच्या सिग्नलवर गाडी आयडलला उभी राहिली की इंडिकेटर रेंगाळत असे. आता तो एकाच लयीत चालतो.

बल्ब निवडताना पिवळ्या काचेमागे पांढरा एलईडी लावू नये. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात पिवळ्या-नारिंगी रंगाचा वाटा कमी असल्याने काचेतून बाहेर येईपर्यंत तो फिका पडतो. अंबर एलईडीच घ्यावा. धावत्या पट्टीचे इंडिकेटर या गाडीवर शोभत नाहीत, एवढेच म्हणतो.

पुढचा बेत चारही इंडिकेटर एकदम लावणाऱ्या हॅझर्ड स्विचचा होता. तो रद्द केला आहे, कारण घोडबंदर रोडवर पाऊस सुरू होताच चारही दिवे लावून धावणाऱ्यांत आणखी एकाची भर नको. शिवाय हे लिहिताना वेगळीच गोष्ट सुचली. नव्या फ्लॅशरची टिकटिक ऐकू येत नाही, त्यामुळे वळण संपल्यावरही इंडिकेटर चालू राहतो. दोन डायोड जेथे एकत्र येतात, त्या बिंदूला कोणत्याही बाजूचे बटण दाबले तरी वीज मिळते. तेथून अर्थकडे १२ व्होल्टचा पिझो बझर जोडला की काम होईल. टू-स्ट्रोकच्या आवाजात तो ऐकू यावा आणि रात्री सोसायटीत शिरताना कोणाची झोप मोडू नये, म्हणून डोमच्या आत बसवून त्याचे तोंड टेपने थोडे झाकून पाहणार आहे. टेल-लॅम्पचा एलईडी त्यानंतर. माझ्या गाडीत तो बॅटरीवर नव्हे, तर मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्राच्या) एसीवर चालतो, तेव्हा आधी एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि ती स्थिर ठेवणारा कपॅसिटर कोठे लपवायचे, ते ठरवावे लागेल.